पुरणपोळीतला केस

गेल्या महिन्यात आलेली पत्रं काल जेवणाच्या टेबलावर पसरून बसले. एकवीस होती, त्यातली चौदा मांजरांच्या केसगळतीबद्दल. फाल्गुनात हे दरवर्षीचंच. मी तीस वर्षं निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे गाई-म्हशींची डॉक्टर म्हणून हिंडले. लोक ‘ढोरांच्या डॉक्टरीणबाई’ म्हणायचे. त्या काळात केसांबद्दल मला एकानंही विचारलं नाही. म्हैस आटली का आणि गाभण राहिली का, एवढंच. निवृत्त होऊन नाशकात गंगापूर रोडला राहायला आले आणि आजूबाजूच्या मांजरांनी मला परत कामाला लावलं. माझ्या घरीही दोन आहेत. ठकी, आणि तिच्या दुपटीनं जाडा बंड्या. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं देते आहे.

आमची पर्शियन मांजर तीन वर्षांची आहे. महिनाभर झाला, सोफा, पांघरुणं, देवघर, जिकडेतिकडे केस. होळीला सासूबाईंच्या पुरणपोळीत केस निघाला आणि मग घरात जे व्हायचं ते झालं. हे म्हणतात, उन्हाळा आलाच आहे, मशीन फिरवून तिचे सगळे केस काढून टाकू. काढावेत का? की गळती थांबायला काही औषध आहे? — केसांनी कावलेली, कॉलेज रोड

आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचा राग रास्त आहे. पण केस काढू नका, आणि गळती बंद करणारं औषध कुणी विकत असेल तर तेही घेऊ नका.

संक्रांतीनंतर दिवस तिळातिळानं मोठा होतो असं आपण म्हणतो ना, मांजराचं अंग तेच मोजत असतं. गारठ्यापेक्षा उजेडाचा हिशेब त्याला जास्त कळतो. थंडीसाठी धरलेली आतली मऊ लव दिवस मोठा व्हायला लागला की ते सोडून देतं. पावसाळा सरल्यावर पुन्हा एकदा, थोडं कमी. फ्लॅटमधल्या मांजराला रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट असते, त्यामुळे त्याचा हिशेब चुकतो आणि ते बारा महिने थोडं थोडं गळत राहतं. तुमची मांजर आजारी नाही, ती कपडे बदलते आहे.

आता मशीनचं. उन्हाळ्यात आपण स्वेटर काढतो तसं मांजराचे केस काढावेत, हे ऐकायला पटतं, पण ते केस उन्हालाही अडवतात. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. भादरलेलं मांजर खिडकीत झोपलं तर कातडी भाजते. पर्शियनला उकाड्याचा त्रास होतो तो केसांपेक्षा चपट्या नाकामुळे. तिला दुपारी मोरीच्या फरशीवर पडू द्या, कूलरच्या खोलीत ठेवा. आणि हे लक्षात असू द्या की कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकणं मांजराला शोभत नाही. तसं दिसलं तर ओल्या फडक्यानं अंग पुसत थेट दवाखाना गाठा.

राहिला उपाय. तो कंटाळवाणा आहे: रोज विंचरायचं. पर्शियनला रोज दहा मिनिटं, आपल्या गावठी मांजराला आठवड्यातून दोनदा पुरे. विरळ दातांची स्टीलची फणी घ्या. मी ठकीला संध्याकाळी चारच्या सुमाराला गॅलरीत घेते, खाली कालचा पेपर. सुरुवात गालांपासून, कारण तिथे तिला स्वतःलाच खाजवून हवं असतं. मग मान, पाठ. पोट सगळ्यात शेवटी आणि तिची मर्जी असेल तरच. शेपूट फटाफट आपटायला लागली की सभा बरखास्त. काखेत आणि कानामागे गाठी होतात, त्या बोटांनी सोडवा, कात्री अजिबात लावू नका. मांजराची कातडी कागदासारखी पातळ असते, गाठ ओढली की तंबूसारखी वर येते आणि कात्रीत सापडते. अशी तीन मांजरं मी शिवली आहेत. तिन्ही वेळा कात्री हातात असलेली व्यक्ती मांजरापेक्षा जास्त रडत होती.

सोफ्यासाठी भांडी घासायचा रबरी हातमोजा जरा ओला करून एकाच दिशेनं फिरवा, केसांचा पेळू निघतो. आणि पुरणाच्या दिवशी मांजर स्वयंपाकघराबाहेर. हा नियम माझ्या घरीही आहे.

जे केस फणीत येत नाहीत ते पोटात जातात. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक आकडे असतात. केस एकदा अडकला की थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. मग पहाटे तीनला ते विशिष्ट ‘ख्याक ख्याक’, आणि सकाळी पायपुसण्यावर तेलवातीसारखी लांबट ओली गुंडाळी. महिन्यातून एखाद वेळा ठीक. कोरडीच उचंबळ येतेय, बाहेर काही पडत नाही आणि खाणंही सुटलंय, अशी गत असेल तर थांबू नका. कुंडीत मूठभर गहू पेरून ठेवा, कोवळी पाती मांजरं आवडीनं खातात. हा शोध माझा नाही, ठकीचा. एका नवरात्रात सातव्या माळेला तिनं माझा घट चरून टाकला. तेव्हापासून तिचा वेगळा घट बसतो.

गळतीत काळजी कधी करायची? केस सगळीकडून विरळ झाले तर तो ऋतू. एका जागी टक्कल पडलं तर तो आजार. शेपटीच्या बुडाशी विरळ झालं असेल तर तिथले केस बाजूला करून बघा. मिरपुडीसारखे काळे कण दिसले तर ते ओल्या कापसावर टेका. भोवती तांबूस डाग पसरला की समजा, पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे मांजराचंच पचलेलं रक्त. त्यावर मानेवर टाकायचे थेंब मिळतात, पण मांजरासाठीचेच आणि वजन सांगूनच घ्या. कुत्र्यांच्या कित्येक थेंबांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते सोसतं, मांजराला झटके येऊन ते दगावू शकतं. कडुलिंबाचं तेलही नको, ते चाटून पोटात जातं. गोल, कोंडा धरलेला चट्टा असेल तर बहुधा गजकर्ण. ते बुरशीचं असतं आणि घरातल्या पोरांनाही होतं. आणि मांजर पोट चाटून चाटून गुळगुळीत करत असेल तर त्याला कसला तरी त्रास आहे. कधी कातडीचा, कधी मूत्राशयाचा, कधी घरात आलेल्या नव्या पाहुण्याचा.

आमचं घर शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. मांजराला दूध-पोळी आणि तूप-भात देतो, ते आवडीनं खातं. मुलगी म्हणते हे चूक आहे. — एक काका, पंचवटी

काका, मुलगी बरोबर आहे.

गाय कडबा खाऊन जगते, कुत्रं एक वेळ भाकरीवर निभावतं. मांजर हा पक्का मांसाहारी जीव. त्याला टॉरीन नावाचा घटक लागतो, आणि तो त्याच्या अंगात पुरेसा तयार होत नाही. तो मांसातून, मासळीतूनच मिळतो. टॉरीन कमी पडलं तर डोळ्याचा पडदा खराब होऊन मांजर आंधळं होतं, आणि हृदय फुगून ढिलं पडतं. हे हृदयाचं दुखणं टॉरीनअभावी होतं आणि टॉरीन दिल्यावर सुधारतं, हे अमेरिकेत १९८७ साली सिद्ध झालं. गाजरातून ‘अ’ जीवनसत्त्व बनवणंही मांजराला जमत नाही, आपल्याला जमतं. तेव्हा ‘आम्ही भाज्या उकडून घालतो’ यानं भागत नाही.

दुधाचं म्हणाल तर, मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना ते पचत नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं खरं, पण नंतर पातळ शी कुणाच्या गादीवर होते तेही बघा.

घरात मांस शिजवा असं मी म्हणत नाही. मांजरासाठीचं तयार खाद्य आणा, पाकिटावर ‘संपूर्ण आहार’ असा अर्थ निघेल ते लिहिलेलं बघून. त्यात मांस-मासळी असणारच. ते गॅलरीतल्या कपाटात ठेवा, वाटी वेगळी, विसळायला बाहेरचा नळ. आमच्या मजल्यावरचे जैन कुटुंब गेली सहा वर्षं असंच करतं, आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या सोवळ्याला धक्का लागलेला नाही. खाद्य आठवडाभरात जुन्यात नवं थोडं थोडं मिसळून बदला. एकदम बदललंत आणि त्यानं दोन-तीन दिवस तोंडच लावलं नाही, तर यकृतावर चरबी चढते. जाड्या मांजरात तर हमखास. मांजराला उपास घडवायचा नसतो, तुमची चतुर्थी तुमच्यापाशी.

सुनेला दिवस गेलेत. शेजारणी सांगतात की मांजरामुळे बाळाला धोका असतो. गोदाघाटावर नेऊन सोडावं असं चाललंय. सून रडतेय. — सासूबाई, इंदिरानगर

सोडू नका. घरातलं मांजर घाटावर आठवडाभरही टिकत नाही, कुत्री असतात तिथे.

शेजारणींचं म्हणणं अगदीच निराधार नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक जंतू आहे, आणि तो गर्भारपणात पहिल्यांदा झाला तर बाळाला इजा करू शकतो. पण मांजराला स्वतःला तो नव्यानं झाला की एक-दोन आठवडेच शीमधून पडतो, आणि पडल्यावरही लागण करण्याजोगा व्हायला त्याला किमान एक दिवस, कधी पाच दिवस लागतात. म्हणून मांजराचा शी-शूचा ट्रे रोजच्या रोज साफ करा आणि ते काम मुलाला सांगा. सुनेला नऊ महिने त्यातून सुट्टी. (मुलगा कुरकुरेल. करू दे.) मांजराला कच्चं मांस नको, उंदीर मारायला बाहेर सोडणं नको. सुनेनं अर्धंकच्चं मटण खाऊ नये, पालेभाजी नीट धुवावी, कुंडीतल्या मातीत हात घालताना मोजे घालावेत. माणसांना हा जंतू मांडीवर बसलेल्या मांजरापेक्षा माती आणि मांसातूनच जास्त लागतो. रक्ताच्या तपासणीचं तिच्या डॉक्टरांना विचारा. मांजर कुरवाळायला काही हरकत नाही.

आमचा बोका दोन दिवस सारखा ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय, ओरडतोय, होत काहीच नाही. बद्धकोष्ठ असावं. एरंडेल किती द्यावं? — सिडको

या पत्रावर फोन नंबर होता म्हणून बरं. पाकीट फोडल्या फोडल्या फोन केला. ती शी नव्हती, लघवी अडली होती. त्याच दुपारी दवाखान्यात नेऊन नळी घातली आणि चौथ्या दिवशी बोका घरी आला. इथे छापते आहे ते बाकीच्यांसाठी.

बोक्याची लघवीची वाट टोकाला फारच अरुंद असते. खडे किंवा चिकट गाळ अडकला की बंद. आत मूत्राशय लिंबाएवढं, मग मोसंब्याएवढं टणक होतं, रक्तात पोटॅशियम चढतं आणि त्यानं हृदय थांबतं. हातात एक-दोन दिवस असतात, त्याहून जास्त नाही. आणि कुंथणारा बोका बघून शंभरातल्या नव्वद माणसांना बद्धकोष्ठच वाटतं.

मलाही वाटलं होतं. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी, माझ्याच घरात, बंड्याच्या आधीच्या सोन्याच्या बाबतीत. शनिवारी रात्री तो ट्रेमध्ये चार वेळा बसला. आयुष्यभर म्हशींच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातलेली मी, मांजराच्या पोटाला नुसता हात लावून बघितला नाही. बद्धकोष्ठावरचं चमचाभर पॅराफिन पाजलं आणि झोपले. रविवारी सकाळी तो कपाटाखाली गार पडून होता, अजून जिवंत. नळी बसेपर्यंत दुपार झाली. तो वाचला नाही.

तेव्हा: बोका कुंथताना दिसला की आधी ट्रेमधल्या वाळूत लघवीचा ओला गोळा आहे का बघा. नसेल तर रात्र असो, रविवार असो, निघा. पोट दाबू नका.

पुन्हा होऊ नये म्हणून पाणी पोटात गेलं पाहिजे. बोअरच्या पाण्याला दोष देण्याआधी तो मुळात पितो किती ते बघा. मांजर जात वाळवंटातली, तहान कमी. खाण्याच्या वाटीपासून लांब, घरात तीन-चार ठिकाणी पसरट भांडी ठेवा, कोरड्या दाण्यांबरोबर ओलं खाद्य द्या, वजन उतरवा.

मांजराला ताप वाटतोय. आपली पॅरासिटामॉल चतकोर दिली तर चालेल का? — सातपूर

नाही. चतकोर नाही, लहान मुलांचं सिरपही नाही. या औषधाचं विष मोडून बाहेर टाकणं मांजराच्या यकृताला जमत नाही. हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड सुजतं, आणि एका गोळीनं जीव जातो. मांजराचं अंग एरवीच आपल्यापेक्षा गरम असतं, १०२ फॅरेनहाइटपर्यंत ताप धरू नका. जाता जाता, फरशी फिनाइलनं पुसत असाल तर तेही बंद करा. पाय ओले होतात, ते पाय चाटतं, विष पोटात.

संक्रांतीपासून राहिलेला दोरा मांजरानं गिळला. थोडा तोंडातून लोंबतोय. ओढून काढू का? — येवला

यांनाही फोन केला, सुदैवानं त्यांनी ओढला नव्हता. येवल्यात संक्रांतीनंतर महिनाभर कौलांवर, झाडांवर मांजा लोंबत असतो, तेव्हा हा प्रश्न पुन्हा येणार.

दोऱ्याचं एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात पुढे जातं. तुम्ही ओढलंत की नाडी ओढल्यावर परकराला चुण्या पडतात तशी आतडी गोळा होतात, आणि ताणलेला दोरा त्यांना करवतीसारखा कापतो. मागून लोंबत असेल तरी तेच. ओढू नका, कापूही नका, तसंच उचलून घेऊन जा. आणि सुई-दोऱ्याच्या डब्याला झाकण लावत जा.