मॉडेल चालवण्याआधी तक्ता वाच

एनसीआय-६० म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा कर्करोग-पेशींचा संच; त्यातल्या पेशींवर कोणतं औषध लागू पडेल हे सांगणारं मॉडेल बांधायला घेतलंस, छान. पण आधी तक्त्याची एकेक ओळ डोळ्यांखालून घाल. २००६ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या गटाने याच पेशींच्या जनुक-अभिव्यक्तीवरून (कोणतं जनुक किती सक्रिय आहे यावरून) कोणतं केमो औषध लागू पडेल हे सांगता येतं, असं ‘नेचर मेडिसिन’मध्ये छापलं. बॅगर्ली आणि कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी आकडेमोड पुन्हा केली, तर जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली आणि काही ठिकाणी ‘संवेदनशील’ (औषधाला बळी पडणारी), ‘प्रतिरोधक’ (औषधापुढे टिकणारी) ही पेशींची लेबलंच उलटी! या दाव्याच्या भरवशावर रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या होत्या. २०११ मध्ये निबंध मागे घेतला गेला. हे आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

तेव्हा पहिली परीक्षा अशी घे: एसएलएफएन११ जनुक जास्त व्यक्त करणाऱ्या पेशी टोपोटेकान या केमो औषधाला लवकर बळी पडतात, हे नातं तुझ्या आकड्यांत दिसतंय का? नसेल, तर लेबलं पुन्हा बघ. ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) पेशी मुळातच बऱ्याच औषधांपुढे टिकत नाहीत. मॉडेल औषधाचा परिणाम ओळखतंय की नुसता कर्करोगाचा प्रकार, हे त्या पेशी वगळून पाहा. आणि मॉडेलसाठी जनुकं निवडताना चाचणीसाठी राखलेल्या नमुन्यांना हातही लावू नकोस, अचूकता खोटी फुगते.