टर्मिनल बंद केलं की व्हेरिएबल गायब?

घाबरू नका, इथे सगळेच एकदा अडकतात. व्हेरिएबल म्हणजे प्रोग्रॅमना वाचता येणारी, नाव दिलेली किंमत. टर्मिनलमध्ये 'एक्सपोर्ट' कमांडने दिलेली किंमत फक्त त्या शेलपुरती (तुमच्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) आणि त्यातून सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमपुरती असते. कायमची हवी तर फाइलमध्ये लिहायची.

उबुंटू लिनक्स आणि त्यातला नेहमीचा शेल बॅश धरून सांगतो. लॉगिनच्या वेळी तुमच्या होम फोल्डरमधली '.प्रोफाइल' फाइल वाचली जाते, नवी टर्मिनल विंडो उघडली की '.बॅशआरसी'. पाथसारखी (कमांड कोणत्या फोल्डरांत शोधायच्या त्याची यादी) व्हेरिएबल्स पहिलीत, एलियास (कमांडला दिलेलं छोटं नाव) दुसरीत. सध्या एवढं पुरे. सिस्टिमच्या फायलींना तर हातच लावू नका.

नेहमीच्या चुका:

- साध्या 'नाव=किंमत' ओळीत 'बरोबर'च्या चिन्हाआधी स्पेस. मग बॅश व्हेरिएबलचं नाव कमांड समजून शोधत बसतो.
- कुठेतरी वाचून '.बॅश_प्रोफाइल' तयार करणं. ती दिसली की बॅश '.प्रोफाइल'कडे ढुंकूनही पाहत नाही.
- बदल केल्यावर तशीच जुनी विंडो वापरणं. फाइल त्याच विंडोत पुन्हा वाचणारी 'सोर्स' कमांड चालवा, नाहीतर लॉगआउट करून परत या.

आणि सगळ्यात महागात पडणारी: पाथमध्ये नवा फोल्डर घालताना जुना पाथ पुसणं. ओळीत आधी '$पाथ', मग कोलन, मग तुमचा फोल्डर. मी ते '$पाथ' विसरलो होतो. फायलींची यादी दाखवणारं साधं 'एलएस' मारलं तरी 'कमांड नॉट फाउंड'! शेवटी '/बिन/नॅनो' असा नॅनो एडिटरचा पूर्ण पत्ता टाकून फाइल उघडली आणि ओळ सुधारली. तेव्हापासून नव्या विंडोत सगळं नीट चाललंय हे पाहिल्याशिवाय जुनी बंद करत नाही.