वाचकांचे प्रश्न : अप्रेंटिसचा करार आणि कानशीचा हात

प्रश्न : मुलगी आयटीआयमधून फिटर झाली. कुर्ल्याचा एक वर्कशॉपवाला म्हणतो, "अप्रेंटिस म्हणून येऊ दे, महिना तीन हजार देतो, कागदपत्रांचं नंतर बघू." पाठवू का?
– एक पालक, चेंबूर

उत्तर : कागद नंतर असतील तर पाठवू नका. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे करार नोंदवल्याशिवाय ती अप्रेंटिस ठरतच नाही. वर्षभर राबेल, पण शेवटची परीक्षा देता येणार नाही आणि राष्ट्रीय प्रमाणपत्रही हाती येणार नाही.

सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर तिची नोंदणी तुम्ही घरूनच करा. आधार जोडलेलं बँक खातं, दहावीची गुणपत्रिका आणि आयटीआयचं प्रमाणपत्र जवळ ठेवा. करार मालकानं त्याच पोर्टलवरून काढायचा असतो. त्यावर ट्रेड, मुदत आणि विद्यावेतन वाचून घ्या. ती अठराच्या आतली असेल तर तुमची सही लागते. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्या उमेदवाराला किमान ७,००० रुपये ठरवले, त्यामुळे तीन हजारांवर घासाघीस करण्याचा प्रश्नच नाही. करार असला की कामावर दुखापत झाल्यास भरपाईचा हक्कही मिळतो. मुदत संपल्यावर नोकरी द्यायला मात्र मालक बांधील नसतो, हे आधीच धरून चाला.

फक्त कुर्ल्यावर अडून राहू नका. परळ, माटुंगा, लोअर परळ इथल्या रेल्वे कारखान्यांत दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर निवड होते, लेखी परीक्षा नसते. माझगाव डॉक हा जहाजबांधणी कारखाना आठवी, दहावी आणि आयटीआय अशा तीन गटांत मुलं घेतं, पण तिथे परीक्षा असते.

प्रश्न : अप्रेंटिस लागून महिना झाला. माइल्ड स्टीलच्या ठोकळ्यावर कानस मारतो, पण मधला भाग फुगीरच राहतो. उस्ताद नुसतं "पुन्हा" म्हणतात.
– एक वाचक, वडाळा

उत्तर : तुमची कानस झोके खाते आहे, म्हणून कडा जास्त कापल्या जातात आणि मधे पोट राहतं. कानस पुढे सरकते तसा दोन्ही हातांचा जोर बदलावा लागतो : सुरुवातीला टोकावरच्या डाव्या हातावर, मध्यावर दोन्हींवर सारखा, शेवटी मुठीवरच्या उजव्या हातावर. जोर फक्त पुढे जाताना द्या. मागे येताना कानस हलकी सोडा, नाहीतर दात बोथट होतात.

आधी व्हाइसची, म्हणजे ठोकळा पकडणाऱ्या शिकंज्याची, उंची बघा. जबडा तुमच्या कोपराच्या पातळीत हवा. खाली असेल तर तुम्ही वाकता, आणि अंग वाकलं की कानसही झुलते.

मग दिशा बदलत चला. एकदा डावीकडून तिरपे, एकदा उजवीकडून तिरपे हात मारा. नवे ओरखडे जुन्यांना जिथे छेदतील तिथेच धातू निघतो आहे, म्हणजे उंचवटा कुठे आहे ते आपोआप दिसतं. सपाटी बघायला गुण्या (काटकोनी पट्टी) लावून ट्यूबलाइटकडे धरण्याआधी कडेची बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची धारदार कोर, काढा. बरवर गुण्या उचलला जातो आणि नसलेला खड्डा दिसतो. पुष्कळ मुलं त्या खोट्या खड्ड्यामागे चांगला ठोकळा घालवतात!

भरड काम जाड दातांच्या बास्टर्ड कानशीनं, मग मध्यम दातांची सेकंड कट, शेवटचा हात बारीक दातांच्या स्मूथनं. स्मूथवर खडू घासा, म्हणजे कीस दातांत अडकून खोल ओरखडे पडत नाहीत. पृष्ठभाग तळव्यानं पुसू नका. हाताच्या तेलकटपणामुळे कानस घसरते. आणि मूठ नसलेली कानस कुणी दिली तरी हातात घेऊ नका, तिची शेपटी थेट तळव्यात घुसते.

प्रश्न : एम १० चे (१० मिमी बोल्टचे) आटे पाडायचा टॅप दोनदा तुटला. भोक ८ मिमीचं होतं.
– एक वाचक, घाटकोपर

उत्तर : भोकच लहान आहे. एम १० च्या नेहमीच्या १.५ पिचला (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) ८.५ मिमीचं ड्रिल लागतं, एम ८ ला ६.८. सेटमधला निमुळता टॅप आधी लावा, दोन आटे पडल्यावर दोन बाजूंनी गुण्या लावून तो सरळ आहे का बघा. तेल घाला, अर्धा फेरा पुढे गेला की पाव फेरा मागे घ्या, म्हणजे कीस तुटतो. आरपार नसलेल्या, बंद भोकात टॅप मधेमधे पूर्ण बाहेर काढून कीस झटका.