बाबांना ऐकू कमी येतंय, हे सुरुवातीलाच कसं ओळखावं?

तुमच्या बाबांनी हर्णैला मच्छीमार बोटीचं इंजिन वर्षानुवर्षं सांभाळलं आणि आता ते म्हणतात, "मला नीट ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता." हीच पहिली खूण. आणि ते खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच तसं वाटतं.

वयाने आणि इंजिनाच्या आवाजाने आधी बारीक, तीव्र स्वर जातात. आवाजाने झालेली हानी तपासणीच्या आलेखात साधारण ४००० हर्ट्झपाशी (स्वर किती बारीक, त्याचं हे माप) खळगा पडल्यासारखी दिसते. आ, ओ पोचतात. स, श, फ, थ, ख गळतात. म्हणजे कोणी बोलतंय ते कळतं, शब्द लागत नाही. सात की साठ, यात गफलत होते. बायकांचं, नातवंडांचं बोलणं आधी हुकतं. पडवीत दोघांच्या गप्पा ठीक चालतात, पण बंदरावर लिलावाच्या गलक्यात किंवा पत्र्यावर पाऊस कोसळत असताना ते नुसती मान हलवून वेळ मारून नेतात. त्या मानेकडे लक्ष ठेवा. फोन कायम एकाच कानाला, रात्री कानात कुंई आवाज, आणि मोठ्याने बोललं की "ओरडतोस कशाला?" हेही त्यातलंच, तो स्वभावदोष समजू नका.

घरी अंदाज घेता येतो. त्यांच्या मागे हातभर अंतरावर उभे राहा. जो कान तपासत नाही, त्याच्या तोंडाशी त्यांना बोट चोळत ठेवायला सांगा. श्वास सोडून कुजबुजत तीन अक्षरं-आकडे म्हणा, जसं "४, क, २", मग वेगळे तीन. सहापैकी निदान तीन ओळखता आले पाहिजेत. मग दुसरा कान.

चुकले तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. कधी नुसता मळ असतो. आपल्या दमट हवेत बुरशीही होते, खाज येते, दडे बसतात. तेल, काडी, पिन अजिबात घालू नका. कान साफ असेल तर ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावर ऐकण्याची तपासणी, करून घ्या. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत ती होते.

एका कानाने एकाएकी ऐकू येईनासं झालं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यावरचं स्टिरॉइड पहिल्या काही दिवसांतच जास्त उपयोगी पडतं.

अजून इंजिनाजवळ बसत असतील तर कान झाकणारे इअरमफ घ्या. उघड्या कानाला ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास चालतो, ८८ डेसिबल चारच तास. कापसाच्या बोळ्याने तो आवाज अडत नाही.