पोटातले कावळे परत आले

या महिन्यात पिशवीतून निघालेल्या पत्रांपैकी पाच पत्रं वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या भुकेबद्दल आहेत. एकाला भूक लागते म्हणून भीती, दुसऱ्याला लागत नाही म्हणून आनंद. मला दुसऱ्याची काळजी जास्त वाटली. पण पहिलं पत्र आधी घेते, कारण तसंच पत्र दर दोन-तीन महिन्यांनी येतं आणि प्रत्येक वेळी शेवटी ‘नाव छापू नका’ असतं.

ताई, माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया होऊन 14 महिने झाले. 32 किलो उतरले. पहिले सहा-सात महिने भूक म्हणजे काय तेच विसरले होते. गेल्या महिन्यापासून सकाळी अकराच्या सुमारास पोटात कावळे ओरडायला लागतात. पहिल्यांदा झालं तेव्हा ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. पोटाची पिशवी ताणली गेली का? सगळं वाया गेलं का? घरी सांगायची हिंमत नाही. नाव छापू नका.

आधी मला सांगा, सकाळचं खाणं किती वाजता होतं? तुम्ही लिहिलेलं नाही, पण ऑफिस गाठायचं म्हणजे साडेसात-आठ धरते. तीन तासांनी भूक लागली. माणसाला लागते तशी लागली.

तुम्हाला कुणीतरी सांगितलं असणार की भुकेची जागाच काढून टाकली आहे. हे वाक्य मीही बोललेय, म्हणून कान पकडून लिहिते. दवाखान्यातल्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका गृहस्थांना मी भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून ठासून सांगितलं होतं, “आता भूक लागणारच नाही.” दहा महिन्यांनी ते तपासणीला आले. खिशातून एक छोटी वही काढली आणि उघडून माझ्यासमोर ठेवली. भूक लागली की त्या दिवशी लाल पेनाने एक फुली. शेवटच्या दोन पानांवर फुल्याच फुल्या होत्या. वर, ठळक अक्षरांत, शीर्षक होतं: ‘चुका’. त्या शब्दात माझा वाटा होता. तेव्हापासून ते वाक्य मी कुणालाही सांगत नाही.

खरं काय आहे ते असं. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी मागे ठेवतात. काढलेल्या भागात जठराचा वरचा घुमटही जातो. भूक चेतवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः तिथे तयार होतं. (1999 मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा या शास्त्रज्ञांनी ते शोधलं. माझ्या शिक्षणाच्या पुस्तकात ते नव्हतं, त्यावरून माझं वय काढा.) घुमट गेला, घ्रेलिन एकदम खाली आलं, म्हणून ते पहिले महिने इतके शांत गेले. त्यात टाके, सूज, पातळ आहार यांचीही भर होती. सूज उतरते, नळी मऊ पडते, घासही थोडे वाढतात. पहिल्या वर्षात हे होतंच, त्याला ‘ताणली गेली’ म्हणत नाहीत.

शिवाय भूक एकट्या जठराची मालमत्ता नाही. 1912 मध्ये कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या वॉशबर्न नावाच्या विद्यार्थ्याला नळीला बांधलेला रबरी फुगा गिळायला लावला. पोट आवळलं की फुगा दाबला जायचा आणि कागदावर रेघ उठायची. वॉशबर्नला भूक जाणवली की त्याने बटण दाबायचं. रेघ आणि बटण जुळले, आणि भूक म्हणजे पोटाचं आवळणं असं ठरून गेलं. मग 1931 मध्ये वँगेनस्टीन आणि कार्लसन यांनी एका रुग्णाची हकिकत छापली. त्या रुग्णाचं जठर पूर्ण काढलेलं होतं, तरी त्याला भूक लागत होती. आवळायला पोटच नाही आणि भूक हजर! भूक मेंदूत जुळते. आतड्यातून, रक्तातल्या साखरेतून, अंगावरच्या चरबीतून तिला निरोप येत असतात. चरबीतून निघणारं लेप्टिन मेंदूला सांगतं की साठा भरपूर आहे. तुमची 32 किलो गेली, तेव्हा हा निरोपही क्षीण झाला. मेंदूला वाटतं, घरातलं धान्य संपत आलंय, आणि तो हाक मारतो. ऑपरेशन फसलं असा त्याचा अर्थ नाही. शरीर आपलं काम करतंय.

आता तुमच्या हाताला लागेल असं सांगते. आपल्या भाषेत भुकेला किती शब्द आहेत बघा. पोटात कावळे ओरडतात ती एक भूक. खा-खा सुटते ती वेगळी. तोंड चाळवतं ती तिसरी, आणि डोळ्यांची भूक चौथी. माझ्याकडे येणारे लोक हे शब्द अचूक वापरतात, फक्त स्वतःचंच ऐकत नाहीत. अकराला जे होतं ते हळूहळू चढतं का? आणि समोर एखादी पोटभरीची पण अजिबात न आवडणारी गोष्ट ठेवली तर तुम्ही खाल का? खाल, तर ते कावळे आहेत. त्यांना प्रथिनं असलेलं काहीतरी मोजकं खायला द्या आणि कामाला लागा. नको वाटलं, पण एखाद्या ठराविक चटकदार वस्तूची आठवण येत राहिली, तर तोंड चाळवलंय. अशा वेळी दहा मिनिटं जागेवरून उठून फिरा. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, गोंधळू नका.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्या. मऊ, विरघळणारं, कुरकुरीत असं जे असतं (बिस्किटं, वेफर्स, आइसक्रीम, गोड पेयं) ते त्या नळीतून सरकन खाली उतरतं. पोट भरल्याचा निरोप जातच नाही. घासागणिक पाणी पिण्याचंही तेच, अन्न धुऊन पुढे जातं. म्हणून जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी नको. दिवसभर थोडं थोडं चरत राहणाऱ्यांचं वजन परत चढतं, आणि ते मला शपथेवर सांगतात की आम्ही ताटभर कधी जेवलोच नाही. ते खरंच बोलत असतात.

पिशवीची शंका फेडायची तर आठवडाभर जेवण एकाच वाटीने मोजा. आधी पोट भरायचं त्याच्या दुप्पट-तिप्पट घट्ट अन्न सहज जात असेल आणि वजन महिन्यामागून महिने वाढत असेल, तर सर्जनकडे जा. ते दुर्बिणीने किंवा बेरियम पाजून फोटो काढून बघतील. गरज पडली तर भूक आवरणारी औषधंही आज आहेत, ती घेण्यात कमीपणा नाही. पण एक वेळची, अकरा वाजताची भूक घेऊन तिथे जायची गरज नाही. घरी मात्र सांगा.

मॅडम, जठराची बायपास होऊन पाच आठवडे झाले. भूक शून्य. दिवसभर काही खाल्लं नाही तरी आठवत नाही. काल रात्री लक्षात आलं की सकाळपासून एक ग्लास पाणी आणि अर्धी वाटी सूप एवढंच झालंय. वजन झपाट्याने उतरतंय, मित्र हेवा करतात. हे असंच चालू दिलं तर चालेल ना?

नाही चालणार. तुम्ही खुशीत आहात, म्हणून थोडं कडक लिहिते.

बायपासमध्ये जठराचा वरचा, अंड्याएवढा कप्पा ठेवून तो थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न लवकर खाली पोचल्यामुळे आतड्यातून जीएलपी-1 आणि पीवायवाय ही ‘पुरे’ म्हणणारी संप्रेरकं जोरात सुटतात. तुमची भूक त्यांनी दाबून ठेवली आहे. गरज मात्र संपलेली नाही. भूक ही घरातली घंटा होती, ती बंद पडली म्हणून जेवणाची वेळ टळत नाही. आता घड्याळावर जेवायचं. मोबाइलमध्ये पाच-सहा गजर लावा, आणि गजर वाजला की इच्छा असो-नसो, चार घास. आधी प्रथिनं, मग बाकीचं. दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं लागतात. ती मिळाली नाहीत तर वजन उतरतं, पण चरबीबरोबर स्नायूही जातात. तुमचे मित्र हेवा करतायत तो आकडा नेमका कशाचा आहे ते काटा सांगत नाही. तिसऱ्या महिन्यानंतर केस गळायला लागतात, ते बऱ्याच जणांचे गळतात आणि परत येतात. पण उपाशी राहिलात तर जास्त गळतील.

पाणी दिवसाला किमान दीड लिटर. एकदम जाणार नाही, म्हणून बाटली हाताशी ठेवा आणि घोट-घोट घ्या. एका ग्लासवर दिवस काढलात, म्हणजे लघवी गडद पिवळी होत असणार. होते ना? उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करा. जीवनसत्त्वांच्या गोळ्या बायपासनंतर आयुष्यभराच्या असतात, त्यांची सुट्टी नको.

आणखी एक, हे कापून कपाटाला चिकटवा. दोन-तीन दिवस सलग उलट्या होत असतील किंवा काहीच पोटात राहत नसेल, आणि त्यात पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, बोलताना गोंधळ यातलं काहीही सुरू झालं तर वाट बघू नका. थायमिन म्हणजे बी-1 या जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा जेमतेम काही आठवड्यांचा असतो. तो संपला की मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दवाखान्यात गेल्या गेल्या सांगा की माझी अशी शस्त्रक्रिया झालीय, आणि ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिनचं विचारा. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर अशा वेळी बिघडू शकतं. हे तुमच्या सोबतच्या माणसालाही पाठ हवं, कारण तेव्हा तुम्ही स्वतः नीट बोलू शकाल याची खात्री नाही.

माझ्या मिस्टरांची बायपास दोन वर्षांपूर्वी झाली. काही गोड खाल्लं की दीड-दोन तासांनी हात थरथरतात, घाम फुटतो आणि अशी भूक लागते की समोर येईल ते तोंडात टाकतात. मी म्हणते जिभेवर ताबा नाही. ते म्हणतात, तुला कळत नाही.

या भांडणात मिस्टरांची बाजू खरी आहे. गोड झटक्यात आतड्यात उतरतं, रक्तातली साखर उसळते, इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त येतं आणि साखर धाडकन खाली जाते. तुम्हाला दिसतो तो हावरटपणा ही साखर पडल्याची हाक आहे. त्याला उशिराचं डंपिंग म्हणतात. जेवल्यावर दहा मिनिटं ते अर्ध्या तासात पोटात मुरडा, धडधड आणि जुलाब होतात ते लवकरचं डंपिंग, ते निराळं. त्या क्षणी थोडीशी साखर द्या आणि लगेच पाठोपाठ प्रथिनं. नुसत्या साखरेवर थांबलात तर दोन तासांनी तोच खेळ. थरथर सुरू असताना गाडी चालवू देऊ नका. साखर मोजायचं यंत्र असेल तर तेव्हाचा आकडा लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. भोवळ येऊन पडले असतील तर हे पत्र वाचत बसू नका, आजच जा.

स्लीव्हनंतर रात्री झोपलं की पोटात पोकळी आणि जळजळ. उठून खाते. दहा मिनिटं बरं वाटतं, परत तेच.

ही ॲसिडिटी वाटते. स्लीव्हनंतर ती बऱ्याच जणांना होते आणि भुकेच्या वेषात येते. झोपल्यावर वाढणं ही तिची खूण. रात्री खाणं थांबवा, उशाची बाजू उंच करा आणि सर्जनला सांगून औषध घ्या. दुखण्यावरच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

सगळे जेवायला बसतो. भाऊ चार घास खातो, मग आमच्या ताटांकडे बघत बसतो. पूर्वी तोच सगळ्यांना हसवायचा. हल्ली संध्याकाळी एकटाच ‘थोडी’ घेतो. दोन वर्षं झाली बायपासला.

ताटांकडे बघत बसणं मी ओळखते. पोट भरतं, मन भरत नाही. वर्षानुवर्षं जे सुख खाण्यातून मिळत होतं, ते एका सकाळी बंद झालं, आणि त्याबद्दल कुणी विचारलंही नाही. सगळे फक्त किती किलो उतरले ते विचारतात.

पण तुमच्या पत्रातला खरा शब्द ‘थोडी’ हा आहे. बायपासनंतर दारू फार वेगाने रक्तात चढते. पूर्वी दोन पेगांनी व्हायचं ते आता एका पेगात होतं. आणि पूर्वी दारूशी फारसं देणंघेणं नसलेल्यांनाही शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः दुसऱ्या वर्षापासून, व्यसन लागण्याचा धोका वाढतो. भावाला ‘पिऊ नकोस’ म्हणून बघितलं असेलच. त्याऐवजी एकदा विचारा, “जेवणातलं तुला काय आठवतं?” मग गप्प बसा, त्याला बोलू द्या. आणि सर्जनच्या दवाखान्यात समुपदेशक असतो का ते तुम्हीच फोन करून विचारा, त्याला करायला लावू नका. पहिल्या भेटीला सोबत जा. तिथे तो किती घेतो हे त्याने कमी करून सांगितलं, तर तिथल्या तिथे दुरुस्त करा. नंतर चिडेल, चिडू दे.