आसूदचा चढ आणि बंद डबीतले गिअर

प्रश्न: मी हर्णैला राहते, नोकरी दापोलीत. रोज सायकलने जायचं ठरवलंय. खाऱ्या हवेत गिअर गंजतात म्हणून भाऊ सांगतो, हबच्या, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या डबीच्या, आत गिअर असलेली घे. दुकानदार म्हणतो, नेहमीची डिरेलरवाली घ्या, चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, हर्णै

उत्तर: ताई, भावाचं निम्मं खरं आहे. गेल्या आगोटीला बंदरावरची एक सायकल माझ्याकडे आली. डिरेलरची ती दोन बारकी चाकं फिरेनात. सोडवली तर आत वाळू, गंज आणि वर चिकटलेला माशाचा खवला! हबला हा त्रास नाही. मधल्या दात्यांभोवती छोटी चक्रं फिरतात ती बंद डबीत, ग्रीसमध्ये. चेन एका रेषेत राहते, तिच्यावर पूर्ण कव्हर बसतं, ओढणी वाचते. शिवाय सायकल थांबलेली असतानाही गिअर बदलतो. डिरेलरला त्यासाठी पायडल मारत राहावं लागतं.

पण तुम्हाला आसूदवरून दापोली चढायचीय, तिथे भाऊ चुकतो. शिमानो कंपनीच्या तीन गिअरच्या हबचा सगळ्यात हलका गिअर 0.73 पट, म्हणजे मागचं दातेरी चक्र एक फेरा फिरलं की चाक 0.73 फेराच फिरतं. पायडलजवळच्या पुढच्या चक्राचे दाते मागच्या चक्राच्या साधारण दुप्पट ठेवावे लागतात, नाहीतर आतल्या दात्यांवर जोर येतो. पुढे 44, मागे 22 घेतले तरी पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ दीड फेरा जातं. डिरेलरला पुढे 28, मागे 28 लावा, एकच फेरा. हा अर्धा फेरा चढावर मांड्यांना कळतो. आठ गिअरचा हब 0.53 पर्यंत उतरतो, म्हणजे तोही साधारण एका फेऱ्यावर येतो. पण महाग, आणि बिघडला तर उघडणारा हात शोधत फिरा. पंक्चर झालं तरी चाक काढायला आधी गिअरची केबल सोडवा, बसवताना पुन्हा खूण जुळवा. पावसात रस्त्याकडेला हे कोण करणार?

डिरेलरवालीच घ्या. बंदराच्या आसपास किंवा मुरूड-कर्द्याच्या किनाऱ्यानेच फिरायचं असतं, तर तीन गिअरचा हब डोळे मिटून सांगितला असता.

घरी आल्यावर मात्र गोड्या पाण्याने चेन, डिरेलर धुवायचा, फडक्याने पुसायचा, चेनचं तेल थेंब थेंब टाकायचं. पाइपचा जोरदार फवारा नको, बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. आणि खोबरेल तर नकोच. एका गिऱ्हाइकाने लावून आणलं होतं. चेन चिकट झालेली, आणि दुकानभर नारळीभाताचा वास.