डोंगरातल्या शिकारीसाठी हलकी बोल्ट-अॅक्शन रायफल: वजन कुठे वाचवावं, कुठे वाचवू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला राहता, बंदुकीचा परवाना झालाय, हिवाळ्यात तिथल्या दक्षिण आल्प्स पर्वतात ताहरच्या (हिमालयातल्या रानबकऱ्याच्या) शिकारीला जायचंय, आणि दुकानदाराने २.२ किलोची रायफल पुढे केलीय. ती घ्यावी का?

पहिली रायफल म्हणून नको. टिक्का कंपनीची टी-३एक्स लाइट, स्टेनलेस, ६.५ क्रीडमूर किंवा .३०८ विंचेस्टर काडतुसाची, हे माझं सरळ उत्तर. नुसती रायफल सुमारे २.९ किलो भरते. आता कारणं सांगतो, म्हणजे दुकानात दुसरं काही समोर आलं तरी तुमचं तुम्हाला तोलता येईल.

आधी एक गोष्ट, इथे वाचणारे बहुतेक भारतातले आहेत म्हणून. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि हे उत्तर फक्त न्यूझीलंडपुरतं आहे. तिथे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. हिमालयन ताहर १९०४मध्ये माउंट कुकजवळ बाहेरून आणून सोडले. शॅमॉय (युरोपातला बकरीसारखा डोंगरी प्राणी) १९०७मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाकडून भेट म्हणून आले. डोंगरमाथ्यावरची झुडपं आणि गवत ते फस्त करतात, म्हणून १९९३च्या नियंत्रण आराखड्याने ताहरची संख्या १०,०००च्या आत ठेवायचं ठरलं. शिकार तिथे या कामाचा भाग आहे.

आता वजन. कॅटलॉगमधला आकडा नुसत्या रायफलचा असतो. डोंगरात खांद्यावर येतं ते वेगळंच. २.९ किलोच्या रायफलवर सव्वाचारशे ग्रॅमची नेमाची दुर्बीण, ती बसवायच्या १०० ग्रॅमच्या रिंगा, ३५० ग्रॅमचा सायलेन्सर आणि १०० ग्रॅमचा पट्टा चढवला की ३.९ किलो होतात. दुकानदाराची २.२ किलोची रायफल याच सामानानिशी ३.२ किलो होईल. फरक ७०० ग्रॅमचा, म्हणजे पाऊण लिटर पाण्याहूनही कमी. आणि त्या महागड्या हलक्या रायफलीवर कोणी ९०० ग्रॅमची लांब पल्ल्याची दुर्बीण बसवली, की वाचवलेलं बहुतेक वजन परत आलं. म्हणून सगळं सामान चढवून, मॅगझीन भरून काट्यावर ठेवा. ३.६ ते ४ किलोच्या दरम्यान आलं तर ती डोंगराची रायफल. त्याखाली जायचं तर जा, पण त्याची किंमत पैशांपेक्षा नेमात जास्त मोजावी लागते.

ती अशी. एकाच काडतुसासाठी मागे येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा रायफलच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. ३.९ किलोऐवजी ३.२ किलोतून तीच गोळी झाडली की धक्का सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो. शिवाय हलकी रायफल स्थिर राहत नाही. हजार मीटर चढून आल्यावर छातीतली धडधड थेट क्रॉसहेअरवर (दुर्बिणीतल्या नेमाच्या फुलीवर) दिसते, आणि जड रायफल ती जितकी पचवते तितकी हलकी पचवत नाही. चाप ओढताना बोटाने जरा जरी बाजूला जोर दिला तरी हलक्या रायफलचं तोंड फिरतं. म्हणून हलक्या रायफलचा पुढचा दस्ता (नळीखालचा, हाताने धरायचा भाग) पिशवीवर नुसता टेकवून सोडू नका. हाताने धरा, किंचित खाली दाबा, नाहीतर झाडताना ती उसळते आणि गोळी वर जाते.

काडतुसाची निवडही याच हिशोबात बसते. १४३ ग्रेन वजनाच्या गोळीची ६.५ क्रीडमूर आणि १८० ग्रेनची .३०० विंचेस्टर मॅग्नम एकाच वजनाच्या रायफलीतून झाडल्या तर मॅग्नमचा धक्का दुपटीहून जास्त बसतो. मोठा नर ताहर शंभर किलोच्या पुढे जातो, मानेवर दाट आयाळ, खाली जाड हाडं. तरीही ३०० मीटरच्या आत चांगली गोळी योग्य जागी बसली तर ६.५ क्रीडमूर, ७ एमएम-०८ आणि .३०८ तिन्ही पुरेशी आहेत. .३०८ची काडतुसं लहान गावातल्या दुकानातही मिळतात. ७ एमएम-०८ मला स्वतःला सर्वांत समतोल वाटतं, पण ते प्रत्येक दुकानात नसतं. ६.५ घेतलंत तर नळीतल्या आट्यांचा पीळ ८ इंचाला एक वेढा असा आहे ना ते बघा, नाहीतर लांब जड गोळ्या स्थिर उडत नाहीत. मॅग्नम घ्यायचाच हट्ट असेल तर साडेचार किलोची रायफल घ्या, आणि मग हलक्या रायफलचा विषयच संपला.

सगळ्यात जास्त लक्ष नळी आणि दस्त्याकडे द्या. कारखाने वजन कापतात ते इथेच, आणि बिघडतं तेही इथेच. पेन्सिलीसारखी बारीक नळी थंड असताना उत्तम मारते. तिसऱ्या-चौथ्या गोळीला ती तापते, आणि आत थोडा जरी ताण राहून गेला असेल तर गोळ्या एका दिशेने सरकू लागतात. डोंगरात याने फारसं बिघडत नाही, तिथे एक किंवा दोनच गोळ्या झाडायच्या असतात. बिघडतं ते रेंजवर: तापलेल्या नळीवर दुर्बीण शून्य केली (म्हणजे गोळी लागते तिथेच नेम दाखवेल अशी जुळवली) तर थंड नळीची पहिली गोळी भलतीकडेच जाते. तीन गोळ्या झाल्या की बोल्ट (काडतूस आत ढकलणारा मागचा दांडा) उघडा ठेवून नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबा, दहा मिनिटं तरी.

कार्बन गुंडाळलेल्या नळीबद्दल एक गैरसमज आहे. ती जाड पोलादी नळीपेक्षा हलकी असते, बारीक पोलादी नळीपेक्षा नाही. तिचा फायदा ताठपणाचा आणि जाड तोंडावर सायलेन्सर नीट बसण्याचा. त्यासाठी दुप्पट पैसे मोजायचे का ते तुम्ही ठरवा. पहिल्या रायफलीला मी मोजणार नाही.

दस्त्याची परीक्षा दुकानातच करा. विक्रेत्याला विचारा, रायफल रिकामी आहे याची दोघांनी खात्री करा. नळी आणि दस्त्याच्या मधल्या फटीत एक नोट घाला आणि पुढच्या टोकापासून रिसीव्हरपर्यंत (नळी जिथे बसते त्या धातूच्या सांगाड्यापर्यंत) सरकवत न्या. अडायला नको. मग पुढच्या टोकाला, जिथे बायपॉड (दोन पायांचा टेकू) लागतो तिथे, अंगठ्याने दस्ता नळीकडे दाबा आणि नोट पुन्हा सरकवा. स्वस्त प्लास्टिकचा दस्ता वाकतो आणि नोट अडकते. असा दस्ता बायपॉडवर एक नेम देतो, पिशवीवर दुसरा आणि हातात तिसरा, आणि माणूस दुर्बिणीला दोष देत बसतो. टिक्काचाही पुढचा दस्ता दगडासारखा ताठ नाही, पण फट पुरेशी आहे. बायपॉडवर फार भार टाकू नका, नाहीतर पाठपिशवीवरच टेका.

टिक्काचा रिकॉइल लग, म्हणजे धक्का दस्त्यात उतरवणारा धातूचा तुकडा, सुटा असतो. तो दस्त्यात बसतो आणि रिसीव्हरच्या खाचेत अडकतो. दस्ता काढून परत बसवताना तो तिरका राहिला तर गोळ्या पसरतात. रायफल उभी धरा, बट जमिनीवर, लग खाचेत बसल्याची खात्री करून पुढचा स्क्रू आधी आवळा, मग मागचा. टॉर्क रेंच वापरा. अॅक्शनचे (म्हणजे हेच दस्त्याचे) स्क्रू साधारण ५ न्यूटन-मीटर, रिंगांचे वरचे स्क्रू २ न्यूटन-मीटर. दुर्बीण किंवा दस्ता बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा. रिंगा जास्त आवळल्या तर दुर्बिणीची नळी चेपते, आणि टरेट (नेम जुळवायची चकती) फिरवूनही आतली भिंगं हवी तितकी हलत नाहीत.

दुर्बीण ३ ते ९ किंवा ३.५ ते १० पट पुरे. डोळ्यापासूनचं अंतर किमान ९ सेंटीमीटर असू द्या. चढावर झोपून वर नेम धरलात की डोकं पुढे सरकतं आणि भुवई फुटते ती याच वेळी. दुकानात उभं राहून जुळवलेली दुर्बीण झोपून पुन्हा तपासा, शिकारीचं जाड जाकीट घालूनच.

न्यूझीलंडमध्ये सायलेन्सर सर्रास वापरतात आणि मीही तोच सुचवेन. धक्का कमी होतो, कान वाचतात. मझल ब्रेक (वायू बाजूला सोडणारं नळीच्या तोंडावरचं टोपण) धक्का कमी करतो, पण शेजारच्या सोबत्याचे कान फोडतो. सायलेन्सर लावायचा तर नळी १८ ते २० इंचांचीच घ्या, नाहीतर लांबी झुडपात अडकते. एक इंच नळी गेली की गोळीचा वेग सेकंदाला साधारण ७ ते ९ मीटरने उतरतो, ३०० मीटरला त्याने काही बिघडत नाही. तोंडावरचे आटे कोणत्या मापाचे आहेत ते सायलेन्सर घेण्याआधी बघा. आटे नळीच्या छिद्राशी समकेंद्री नसतील तर गोळी आतल्या पडद्यांना घासते. आणि दुर्बीण शून्य केली त्याच स्थितीत शिकार करा. सायलेन्सर काढला की गोळी पडण्याची जागा बदलते.

अचूकता तीन गोळ्यांच्या गटावर, म्हणजे त्या कागदावर किती जवळजवळ लागल्या यावर, ठरवू नका. दुकानदार दाखवतात तो अंगठ्याच्या नखाएवढा गट बहुधा योगायोग असतो. एकच कागद घ्या. १०० मीटरवर, रेंजला गेलात की पहिली गोळी त्या कागदावर, झोपून, पाठपिशवीवर टेकून, नळी पूर्ण थंड. मग कागद गुंडाळून घरी. दहा फेऱ्यांनी दहा भोकं होतील. ती ५ सेंटीमीटरच्या वर्तुळात मावली तर ३०० मीटरवर तुमची रायफल आणि तुम्ही मिळून १५ सेंटीमीटरच्या आत आहात. ताहरच्या छातीतली मर्माची जागा वीस-पंचवीस सेंटीमीटरची. उरलेली जागा वारा खाऊन टाकतो: ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ६.५ क्रीडमूरच्या गोळीला ३०० मीटरवर साधारण १५ सेंटीमीटर ढकलतो. भोकं ८ सेंटीमीटरमध्ये पसरली असतील तर तुमची हद्द २०० मीटर, आणि जवळ जाणं हाच मार्ग.

२०० मीटरला शून्य करा. ३०० मीटरला गोळी वीत-सव्वावीत खाली पडेल, नेमका आकडा तुमच्या काडतुसाने झाडून काढा. उतारावर किंवा चढावर गोळी नेहमी वर लागते, दोन्हीकडे. ३० अंशांच्या कोनात ३०० मीटर दिसत असेल तर नेम २६० मीटरचा धरायचा, ४५ अंशांत २१२चा. कोनाचा हिशोब करणारा लेझर अंतरमापक घ्या, डोळ्याने अंदाज करू नका.

सह्याद्रीतल्या नाळा चढला असाल तर घसाऱ्यावर दोन्ही हात मोकळे लागतात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तिथे चढताना रायफल पाठपिशवीला बांधलेली, चेंबर (काडतूस बसायची नळीतली जागा) रिकामं. न्यूझीलंडच्या सात सुरक्षा नियमांतलाच हा एक आहे: झाडायला तयार झाल्यावरच गोळी भरा. चापाचं वजन १.२ किलोच्या खाली नेऊ नका, हातमोज्यातल्या गारठलेल्या बोटाला त्याहून हलका चाप कळत नाही. टिक्काचं मॅगझीन सुटं असतं, दरीत पडलं की रायफल एकेका गोळीची होते. एक जादा खिशात ठेवा, चेन असलेल्या.

डोंगरांच्या पश्चिमेला, वेस्ट कोस्टच्या बाजूला, पाऊस थांबतच नाही. नळीच्या (सायलेन्सर लावला असेल तर त्याच्या) तोंडावर इन्सुलेशन टेपचा एक तुकडा लावा, तो काढायची गरज नाही, टेपमधून झाडल्याने नेमात फरक पडत नाही. बोल्ट घरीच उघडून आतलं कारखान्याचं ग्रीस पूर्ण पुसा आणि कोरडं वंगण लावा. शून्याखाली ते ग्रीस घट्ट होतं, फायरिंग पिन सावकाश पुढे येते आणि काडतूस फुटतच नाही. तंबूच्या उबेत रायफल आत घेऊ नका, दमट हवा दुर्बिणीवर आणि बोल्टवर बसते आणि सकाळी गोठते. परत आल्यावर सायलेन्सर लगेच काढा. आतल्या काजळीत ओल धरते आणि नळीच्या तोंडाचे आटे आधी गंजतात, स्टेनलेस असले तरी. तो उभा ठेवून रात्रभर वाळवा.

विकत घेतल्यावर रायफल तुमच्या नावावर शस्त्रनोंदणीत चढवायची आहे, २०२३च्या जूनपासून ते लागू आहे. सरकारी जंगलात शिरण्याआधी डिपार्टमेंट ऑफ कन्झर्वेशनचा परवाना ऑनलाइन काढा, आणि ज्या भागात जाणार त्याचंच नाव त्यावर आहे ना ते वाचून बघा.